आमच्याकडे एकशे साठच येतात

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. ही गोष्ट घडली तेव्हा मला नोकरीला सात वर्षं झाली होती. ओहमचा नियम मी दर वर्षी तीन तुकड्यांना शिकवत असे, म्हणजे एकवीस वेळा शिकवून झाला होता. विभवांतर भागिले विद्युतधारा बरोबर रोध. विभवांतर गुणिले विद्युतधारा बरोबर शक्ती. फळ्यावर त्रिकोण काढायचा, त्यात तीन अक्षरं लिहायची, जे हवं त्यावर बोट ठेवायचं आणि उरेल ते करायचं. एकवीस वेळांत एकाही पोराने 'कशावरून?' असं विचारलं नव्हतं, आणि याचं श्रेय मी माझ्या शिकवण्याला देत असे. मग माझ्या आईने दहावीचा फॉर्म भरला.

आई आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती. मदतनीस म्हणजे सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करणारी, खिचडी शिजवणारी, नाकं पुसणारी. सेविका म्हणजे खुर्चीवर बसून रजिस्टर लिहिणारी. सेविकेला याहून पुष्कळ काम असतं हे मला ठाऊक आहे, पण चुलीपाशी बसून एकोणीस वर्षं आईला ते तसंच दिसत आलं होतं. आमच्या सेविकाबाई पुढच्या वर्षी दिवाळीनंतर निवृत्त होणार होत्या. त्या वेळच्या रीतीप्रमाणे मदतनीस दहावी पास असली तर ती जागा आधी तिला विचारली जायची. नसली तर बाहेरून नवी बाई यायची. आई नववी पास. दहावीच्या वर्षात तिचं लग्न झालं आणि पुस्तकं धाकट्या भावाला गेली.

"कोणतरी बावीस वर्साचा चेडू येतला आणि माका सांगतला, मावशी, खिचडीत मीठ बघा," आई म्हणाली. "तेच्यापरीस मी परीक्षा देतंय."

आईचं वय तेव्हा एकोणपन्नास. फॉर्म भरून आल्यावर तिने मला जाहीर केलं की मराठी आणि इतिहास ती स्वतः बघेल, गणित बाबांकडे, आणि सायन्स माझ्याकडे. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. तोंडी हिशेब त्यांच्याइतका जलद कुणाला येत नाही, पण तो कसा केला हे त्यांना सांगता येत नाही. "अडीचशे भागिले आठ किती?" विचारलं की ते उत्तर देऊन मोकळे. रीत विचारली की म्हणत, "रीत कसली? गाडी सुटता तवसर उत्तर येवक व्हया." तरीही आईचं गणित निघालं. अडलं ते माझ्याकडच्या विषयात.

आमचं गाव फोंडाघाटच्या बाजाराच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, देवळाजवळ. तिथून निघालेली लाइन भाताचे मळे, काजूची कलमं आणि एक ओहोळ ओलांडून आमच्या घरी येते आणि तिथेच संपते. आमच्या पलीकडे खांब नाही. वाटेतले सगळे आपापले पंप, मिक्सर आणि टीव्ही चालवून जे काही उरवतात ते आम्हांला मिळतं. दुपारी बरं असतं. संध्याकाळी सातला ट्यूबलाइट नुसती फडफडते आणि पंख्याची पाती मोजता येतात. म्हणून फ्रिजच्या बाजूला एक स्टॅबिलायझर आहे, त्याला काटा आहे, आणि किती व्होल्टेज आलं हे आमच्या घरात येता-जाता सगळे बघतात.

हे सगळं रोजचं असल्यामुळे माझ्या डोक्यातही आलं नाही. पहिला पाठ मी संध्याकाळी सातलाच घ्यायला बसले. शिकवायला लागलं की माझी भाषा आपोआप शुद्ध होते. ती सवय घरातही सुटत नाही.

"समजा," मी म्हटलं, "एका विद्युत इस्त्रीला दोनशे तीस व्होल्ट विभवांतर लावलं."

"कोणाच्या घरात?" आईने विचारलं.

"कुणाच्याही. आपल्या समज."

आई उठली. फ्रिजजवळ गेली, चष्मा वर करून काटा पाहिला आणि परत येऊन बसली. "आपल्याकडे एकशे साठ आसत."

"अगं आई, समज म्हटलं ना मी."

"जा नाय ता कित्याक समजू? आणि तू माज्याकडे शाळेतली भाषा बोलू नको. माका हेडमास्तर बोलता तसा वाटता."

मी इस्त्री आणली. तिच्या पोटाखालच्या पट्टीवर छापलेलं दाखवलं : २३० व्होल्ट, १००० वॅट. आईने ते वाचलं, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्या दुकानदारान लिवलेला. तेका आमची लाइट काय म्हायत?"

बाबा आतल्या खोलीतून टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होते. "ह्यो नियम खंयचो गो?" त्यांनी विचारलं.

"परदेशातला," मी म्हटलं.

"मगे बराबर. थय लाइट जायत नसतली."

चार संध्याकाळी हे असंच चाललं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर तेही खरं नव्हतं. घडा उताणाच होता, पण प्रत्येक थेंब कुठल्या विहिरीतून आला याची चौकशी करत होता. मला पटकन राग येतो. पाचव्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि ओरडले, "मगे तूच मोज आणि तूच काय ता ठरव!" राग आला की माझी शुद्ध भाषा सगळ्यात आधी पळून जाते.

आईला ते एकदम पटलं. "चल तर," ती म्हणाली.

गावातल्या वायरमनकडे चिमट्यासारख्या तोंडाचं मीटर आहे. वायर त्या चिमट्यात धरली की आतून किती अँपिअर वाहताहेत ते दिसतं. मी ते रविवारपुरतं मागून आणलं. माझ्या प्रयोगशाळेत असलं काही नाही. तिथे एका कपाटात सात अँपिअरमापी आहेत, त्यांतल्या पाचांचे काटे शून्यावर चिकटलेत, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते सर बदलून गेले. म्हणजे खरं सांगायचं तर ओहमचा नियम एकवीस वेळा शिकवलेल्या मीही तो कॉलेज सोडल्यापासून एकदाही मोजून पाहिला नव्हता. हे मी आईला सांगितलं नाही.

सकाळी दहाला काटा दोनशे पाचवर होता. इस्त्री लावली, मीटरने तीन पॉइंट नऊ अँपिअर दाखवले. आईने वहीत भागाकार केला. रोध आला साडेबावन्न ओहम. गुणाकार केला. शक्ती आली आठशे वॅट, अर्ध्या वॅटने कमी.

"हजार लिवलेला हा," आई म्हणाली. "दोनशे खंय गेले?"

"संध्याकाळी बघ," मी म्हटलं.

संध्याकाळी सातला एकशे साठ. अँपिअर तीन. रोध त्रेपन्न आला, आणि शक्ती चारशे ऐंशी. आईने भागाकार दोनदा करून पाहिला. मग ती वही घेऊन पुढच्या अंगणात, खळ्यात गेली, मावळतीच्या उजेडात पुन्हा आकडे पाहिले आणि आत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"अगो, लाइट इतकी उतारली तरी ह्यो रोध होतो थयच आसा!"

"तेच तर चार दिवस सांगतेय."

"तू नुसता सांगी होतंस. रोध म्हणजे हट्ट गो. लाइट येव दे नायतर जाव दे, इस्त्री आपलो हट्ट सोडणा नाय. तुज्या बापाशीसारखो."

"माजो कित्याक?" आतून आवाज आला.

"आणि शक्ती ही येणाऱ्या लायटीवर. लाइट थोडी उतारता, पण शक्ती निम्मी होता. म्हणान सांजच्या टायमाक तुमच्या शर्टाची घडी मोडणा नाय. मी तेव्हाच म्हटलंय, माज्या हातात काय खोट नाय."

शर्टाचं हे भांडण आमच्या घरात दहा वर्षं चालू होतं. त्या संध्याकाळी ते मिटलं. मला मान्य करावंच लागेल की व्होल्टेज कमी झालं की शक्ती नुसती कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होत जाते, हे माझ्या तीन तुकड्यांतल्या एकाही पोराला उत्तरपत्रिकेबाहेर कळलेलं नव्हतं. आईला ते बाबांच्या शर्टावरून कळलं. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. बल्बाच्या वाटेला मात्र मी तिला जाऊ दिलं नाही. बल्बाचा रोध तापल्यावर बदलतो, आणि आईला ते समजलं असतं तर परीक्षा दोन वर्षं पुढे गेली असती.

त्यानंतर आईने एक जुनी वही स्टॅबिलायझरशेजारी खिळ्याला टांगली. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला काट्यावर जे दिसेल ते तारीख घालून लिहायचं. गणपतीला मुंबईवाले आले की संध्याकाळी एकशे पंचेचाळीस. सकाळी पाहुणे उठायच्या आत एकशे नव्वद. मी कौतुक केलं. शाळेत जाऊन सहकाऱ्यांना सांगितलं की माझी आई घरात प्रयोगवही ठेवते. हे कौतुक मला किती महाग पडणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

सायन्सच्या पेपराच्या सकाळी बाबांनी नारळ काढला. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला सगळी परिस्थिती मोठ्याने सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. जमलेले म्हणजे मी, आई आणि शेजारच्या काकी.

"बा देवा म्हाराजा!" बाबांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुजा लेकरू वयाच्या पन्नासाव्या वर्सात सायन्साच्या पेपराक बसता आसा, म्हाराजा!"

"एकोणपन्नास," आई म्हणाली.

"व्हय म्हाराजा!" काकी म्हणाल्या.

"तर तेच्या वाटेत जा काय इघन आसात, जो काय ओहम की कोण आडवो येयत, तेका थयच्या थय शांत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघी म्हणालो. मीसुद्धा. विज्ञानाची शिक्षिका असले तरी त्या दिवशी कुणाचीही मदत घ्यायला मी तयार होते.

परीक्षा तालुक्याच्या हायस्कुलात होती. मी गेटापर्यंत सोडायला गेले. आईच्या मागच्या-पुढच्या बाकांवर जी पोरं होती, त्यांतल्या तिघांची नाकं तिने स्वतः पुसली होती. एकजण तिला पाहून म्हणाला, "मावशे, तू पण?" आई म्हणाली, "शर्टाची गुंडी लाव आधी." मग घंटा झाली आणि ती आत गेली. मी बाहेर चिंचेखाली उभी राहून स्वतःच्या दहावीलाही घाबरले नव्हते इतकी घाबरले.

बाहेर आली ती हसतच. "इस्त्रीच इली गो!" तिने लांबूनच सांगितलं.

माझा जीव भांड्यात पडला. मी प्रश्नपत्रिका हिसकावून घेतली. प्रश्न असा होता : एका घरातील विद्युत इस्त्रीला २२० व्होल्ट विभवांतर लावले असता तिच्यातून ५ अँपिअर विद्युतधारा वाहते, तर इस्त्रीचा रोध आणि शक्ती काढा. पाच मार्क. माझ्या शाळेतल्या फळ्याला हात लावून आलेलं पोरसुद्धा हे सोडवील.

"रोध चव्वेचाळीस ना?" मी विचारलं.

"चव्वेचाळीसच."

"आणि शक्ती अकराशे."

"नाय. पाचशे ब्याऐंशी."

मी थांबले. "कशी?"

"अगो, घरातली इस्त्री लिवलेली. घरात दोनशे वीस खंय येतत? रोध काय बदलणा नाय, तो चव्वेचाळीस. एकशे साठ भागिले चव्वेचाळीस, तीन पॉइंट चौसष्ट अँपिअर. तेका एकशे साठान गुणला. पाचशे ब्याऐंशी वॅट. खाली दोन रेघो मारलंय." आणि मग तिने अगदी सहज सांगितलं, "सूचना पण लिवलंय."

"कसली सूचना?"

आई कचेरीतल्यासारखं लिहायचं असलं की शुद्ध मराठीत लिहिते. तिने मला ते वाक्य पाठ म्हणून दाखवलं : "आमच्या गावात सायंकाळी एकशे साठ व्होल्ट येत असल्यामुळे प्रश्नातील आकडा दुरुस्त करून घेतला आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चुकून अकराशे लिहिलं असतं तरी चाललं असतं. हिने बरोबर उत्तराच्या दारापर्यंत जाऊन, पेपर काढणाऱ्याची चूक दुरुस्त करून, वर त्याला पत्रही लिहिलं होतं.

घरी आल्यावर जे बोलले ते आजही आठवलं की मला लाज वाटते. "तुका कोणी इचारलेला?" मी ओरडले. "जा छापलेला आसा ता गपचूप लिवक काय झालेला? सगळ्यांपेक्षा शाणी तूच? म्हणान एकोणीस वर्सा मदतनीस रवलंस तू!"

आईने पायातल्या वहाणा काढल्या, प्रश्नपत्रिकेची घडी घातली आणि परसात भांडी घासायला गेली. बाबांनी उठून टीव्ही बंद केला. आमच्या घरातला टीव्ही लाइट गेल्याशिवाय बंद होत नाही. मी माफी मागितली तीसुद्धा दुसऱ्या दिवशी, आणि तीसुद्धा नीट नाही. नुसतं "चहा घेतंस?" असं विचारलं.

निकाल लागला. मराठीत एक्याऐंशी. गणित निघालं. इंग्रजी कसंबसं निघालं. विज्ञानात पासाला चार मार्क कमी.

चार. ते गणित पाच मार्कांचं होतं हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांनीही ते बोलून दाखवलं नाही. शेजारच्या काकी येऊन म्हणाल्या, "ह्या वयात बसलंस ह्याच खूप झाला." आईने त्यांना चहा दिला, हसली, आणि त्या गेल्यावर चुलीपुढे बराच वेळ नुसती बसून राहिली. चुलीत जाळ नव्हता.

मी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. खरं कारण आशा होती. मी स्वतः पेपर तपासते, त्यामुळे तपासणारे कुठे घाई करतात ते मला माहीत आहे. कुठेतरी बेरीज चुकली असेल, एखादं पान तपासायचं राहिलं असेल. दहा-बारा दिवसांनी जाडसर पाकीट आलं. खळ्यात बसून मी पानं उलटली. बेरीज बरोबर होती. एकही पान राहिलेलं नव्हतं. इस्त्रीच्या गणितात रोधाच्या ओळीपाशी एक मार्क होता, आणि तिथून खाली, ते तीन पॉइंट चौसष्ट, ते पाचशे ब्याऐंशी, त्या दोन रेघा आणि ती सूचना, या सगळ्यांवरून एकच तिरपी लाल रेघ गेली होती. रेघ सरळ आणि भरधाव होती. मी असल्या रेघा रोज मारते, त्यामुळे हाताला किती वेळ लागला असेल तेही मला सांगता आलं असतं.

आई हात पुसत येऊन शेजारी बसली. चष्मा लावून तिने ते पान वाचलं. आपलंच अक्षर तिने दोनदा वाचलं.

"ह्या कोणी तपासल्यान?"

"असेल माझ्यासारखीच कोणीतरी बाई."

तिने त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "तू आसतंस तर किती दिलं असतंस?"

खोटं बोलायची सोय होती. 'तीन' म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, आणि मलाही. पण त्या घरात काट्यावर दिसेल तेच लिहायची वही टांगलेली होती आणि ती मीच कौतुकाने टांगू दिली होती.

"एक," मी म्हटलं.

"चुकलेला काय आसा तेच्यात?"

"चुकलेलं काहीच नाही."

"मगे?"

"उत्तर अकराशे हवं होतं."

आईने चष्मा काढला. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त मान हलवून म्हणाली, "बरा. मगे पुढच्या टायमाक तुज्यासारखा लिवतंय."

फेरपरीक्षा जुलैत होती. त्या महिनाभर आईने एकही प्रश्न विचारला नाही. मी 'समजा' म्हटलं की ती समजत होती. दोनशे तीस म्हटलं की दोनशे तीस. संध्याकाळी सातला ट्यूब फडफडत असताना तिने दोनशे वीस व्होल्टची बारा गणितं सोडवली आणि बाराही बरोबर आली. खिळ्यावरची वही तिने काढली नाही, पण त्यात लिहायचं सोडलं. मला हवी होती तशी विद्यार्थिनी अखेर मिळाली होती आणि तिला शिकवताना मला एकदाही राग आला नाही. बरंही वाटलं नाही.

पेपराच्या दिवशी बाबांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पण या वेळी ते आखूड होतं आणि ओहमचं नाव त्यांनी टाळलं. पेपर सुटला तेव्हा जोराचा पाऊस होता. आई छत्री सावरत बाहेर आली.

"काय इला?" मी विचारलं.

"पाणी तापवूचो हीटर. दोनशे वीस व्होल्ट, धा अँपिअर. रोध बावीस. शक्ती बावीसशे."

"आणि सूचना?"

"नाय लिवक."

ती विज्ञानात सत्तेचाळीस मार्क मिळवून पास झाली. गावात आनंदीआनंद झाला. ज्याला त्याला वाटलं की हे माझं काम. बाजारात लोक थांबवून सांगायचे, "बाई, आवशीक पास केलास हां!" आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेत मला नारळ आणि गुलाबाचं फूल दिलं, आणि 'घराघरातून विज्ञान' या विषयावर चार शब्द बोलले. मी नारळ घेतला. दुसरं काय करणार?

दिवाळीनंतर जुन्या सेविकाबाई निवृत्त झाल्या आणि डिसेंबरात आई सेविका झाली. तिला खुर्ची मिळाली, तरी पोरं गोळा करायला ती नव्या मदतनिसीबरोबर जातच राहिली. नवी मदतनीस बावीस वर्षांचीच होती, आणि खिचडीतलं मीठ आईच बघत असे.

जानेवारीत मला चार दिवस सुटी होती. पोरांची वजनं करायचा दिवस होता म्हणून आईने मला मदतीला नेलं. तुळईला काटा टांगलेला, त्याच्या झोळीत पोर ठेवायचं, ते रडायच्या आत आकडा वाचायचा. मी पोरं उचलत होते, आई रजिस्टर लिहीत होती. सगळं मजेत चाललं होतं. पोरं लाथा झाडत होती आणि आई प्रत्येकाला काहीतरी बोलून हसवत होती. मग तीन वर्षांची एक मुलगी आली. ती रडली नाही, लाथाही झाडल्या नाहीत. काटा नऊ किलो दोनशेवर थांबला. मी रजिस्टरात डोकावले. मागच्या महिन्याला नऊ-सहाशे होतं.

चारशे ग्रॅम कमी म्हणजे कागद वाढणार, वरून विचारणा होणार, कुणीतरी गाडी घेऊन येणार, आणि आईला खुर्चीवर बसून दोन महिनेही झाले नव्हते. मला तिची काळजी वाटली.

"आई," मी हळूच म्हटलं, "नऊ-सातशे लिव गो. थोडा वाडवन लिवलंस तर कोण बघूक येता? नवीन आसस तू. उगाच नसती चौकशी."

आईने पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"माका एक सांग," ती म्हणाली. "मी पास झालंय मा?"

"झालंस."

"मगे आता खरा लिवक दे माका," ती म्हणाली, आणि तिने रजिस्टरात नऊ किलो दोनशे लिहिलं.